पायांवर पोसलेला पूल

पुलाची तब्येत उतरली होती. हो, तब्येतच! अस्थिकाँक्रीट आल्यापासून पुलांविषयी सगळे असंच बोलत. या काँक्रीटमध्ये सूक्ष्म जिवाणू पेरलेले असत. वरून माणसं चालली की जिथे ताण पडे तिथे ते चुना साठवत आणि पूल हाडासारखा बळकट होत जाई.

विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असलेल्या उर्मिला गावितने प्रकल्प म्हणून असा पायपूल बांधला, तोही आपल्याच गावच्या नदीवर. शाळा पलीकडे होती, पावसाळाभर पोरं तिला मुकत. आणि आता पुलाची ताकद मोजणारं यंत्र म्हणत होतं, पूल कच्चा आहे. सुधारला नाही तर पाडायचा.

“मिश्रण उत्तम आहे गं,” तपासणीला आलेल्या तिच्या मार्गदर्शक केळुसकर मॅडम म्हणाल्या. “पण यावरून चाललं कोण?”

“कोण्णीही नाही!” गावची सरपंच असलेली उर्मिलाची सुमनआत्या ठसक्यात म्हणाली. “दोन्ही टोकांना बाभळीचे काटे लावलेत. उद्घाटनाआधी शेळीसुद्धा चढू दिली नाही. भाचीचा पूल, डोळ्यांत तेल घालून जपलाय!”

उर्मिलाने कपाळावर हात मारला. “आत्या, माणूस वर्षभर खाटेवर निजवला तर त्याचे पाय चालतील का?”

आत्याचा चेहरा खर्रकन उतरला. “अगंबाई! म्हणजे मीच उपाशी ठेवला त्याला.”

मॅडमनी खाली जाळी बांधून घेतली आणि एकेकानेच जायचं असं बजावलं. काटे आत्याने स्वतः ओढून काढले. “सरपंच दुसरा मिळेल,” म्हणत पहिलं पाऊलही तिनेच टाकलं. मग रोज माणसं वाढली, डोक्यावर हंडे आले, शेवटी शेळ्याही आल्या. महिन्याभरात पूल पास झाला आणि उर्मिला आत्याच्या गळ्यात पडून रडली. पोरं दप्तरं घेऊन धावत पलीकडे गेली.

आत्या मात्र पुलाकडे बघत म्हणाली, “दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत जातं. तेव्हा गं?”

“पोरं राहतील ना, शाळेसाठी.”

“पोरं हलकी असतात.”

उर्मिलाने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आत्याच्या बाजूने मान हलवली. “थोडी मोठी माणसं कायम लागतील. नाहीतर पूल पुन्हा कच्चा पडेल.”

“मग ठेवू की!” आत्या बोटांवर नावं मोजू लागली. पहिलं स्वतःचं घेतलं, दुसरं उर्मिलाचं.

पुण्याच्या नोकरीला होकार दिल्याचं उर्मिलाने अजून घरी सांगितलं नव्हतं.