सगळी मंजूर

साखर पेठेतले शिवशरणअण्णा तऱ्हेवाईक होते, यात वादच नाही. चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी कार्डांना भोकं पाडली. नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढायची, मग तिच्या एकेका ओळीसाठी पुठ्ठ्याचं एकेक कार्ड, आणि अशी हजारभर कार्डं दोऱ्यात ओवून मागावर चढवायची. त्यात एक जरी परकं घुसलं तरी चादरीवरचा मोर लंगडा. म्हणून अण्णा प्रत्येक कार्ड उजेडावर धरून बघत आणि मगच पुढं जाऊ देत. या बघण्यात लग्नाचं तेवढं राहून गेलं.

शहात्तर साली ते रिटायर झाले आणि घरात बोलायला भिंती उरल्या. तेव्हा त्यांनी एक खेळ काढला. चौकटीच्या मोठ्या कागदावर एक वस्ती रेखली: ओढा, आड, बाजार आणि मोजून एकोणीस घरं. खेळणाऱ्यानं वस्तीतलं एक माणूस व्हायचं. कोऱ्या कार्डांवर अण्णांनी प्रसंग लिहिलेले असत. आड आटला, बाजारात बैल उधळला. अण्णा कार्ड वाचणार, गडी आपण काय करू ते सांगणार, आणि मग सात कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या तितकं यश. अण्णा स्वतः कुणीच होत नसत. ते फक्त वाचत.

गडी दोनच होते. तेलाचे व्यापारी संगप्पा लेकीकडं विजापूरला गेले ते तिकडचेच झाले. राहिले मैनुद्दीन. टेंभुर्णीच्या रस्त्यावर ट्रक चालवायचे, रविवारी मोकळे असायचे. खेळात ते भिमा गाडीवान होत, आणि असे होत की भिमाचा बैल आजारी पडला तर घरी त्यांना जेवण गोड लागत नसे. एका रविवारी त्यांनी हौसेनं स्वतःच लिहिलेली दोन कार्डं आणली. अण्णांनी एक घाव दोन तुकडे केले. घरची कार्डं इथं चालायची नाहीत, म्हणाले. मैनुद्दीन चहा न पिता उठले.

सात रविवार ते आले नाहीत. माग बंद असल्यानं रविवारी गल्ली चिडीचूप असे. अण्णा कागद पसरून बसत आणि तसाच गुंडाळून ठेवत. शेंगाची चटणी-भाकरीसुद्धा घशाखाली उतरेना. माणसाला एकटेपण किती जिव्हारी लागतं हे त्यांना साठीत कळलं. आठव्या रविवारी ते मैनुद्दीनच्या दारात गेले, नूरबीभाभींच्या हातचा चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, तुमची कार्डं घेऊन या.

मैनुद्दीन पंचवीसेक कार्डं घेऊन आले. अण्णांनी पहिलं उचललं, आणि त्यांना भीती वाटली. एखादं नाकारलं आणि हा माणूस पुन्हा उठून गेला तर? त्यांनी गठ्ठ्यावर नुसता हात ठेवला.

"सगळी मंजूर," ते म्हणाले.

आणि मंजूर झालेलं कार्ड काढायचं नाही, हा नियम त्यांचाच. ओवलेल्या माळेतलं मधलं काढलं की पुढची सगळी नक्षी सरकते.

तिसरं कार्ड कोरं निघालं. शाई नव्हती, बारीक भोकं होती. अण्णांनी ते खिडकीच्या उजेडावर धरलं. भोकांची अक्षरं झाली: 'ओढ्याकाठच्या घरात एक बाई राहायला आली आहे. तिलाही डाव द्या.'

अण्णांनीच गंमत केली असं वाटून मैनुद्दीन हसले. गंमत मैनुद्दीननं केली असं समजून अण्णाही हसले. मग बाईच्या नावानं कवड्या टाकल्या. सातही उताण्या. पुन्हा टाकल्या, पुन्हा सात. ओढ्याकाठी घर काढल्याचं अण्णांना आठवेना, म्हणून त्यांनी कागदावरची घरं मोजली. वीस भरली.

पुढच्या रविवारी तशीच भोकं: 'बाईला सोबत हवी. गाडीवानाला बोलावलं आहे.'

अण्णा म्हणाले, हे राहू द्या.

"मंजूर तुमीच केलंय की, अण्णा," मैनुद्दीन म्हणाले. "आन् बाईमाणूस एकटं हाय. जाऊन येतो."

भिमाचा म्हणून एक चिंचोका असे. तो त्यांनी ओढ्याकाठच्या घरात सरकवला आणि त्यावर वाकून बघत राहिले. तिथं काय दिसतंय, अण्णांनी विचारलं.

"हितल्यापेक्षा बरं हाय," ते हळूच म्हणाले.

त्याच्या पुढच्या रविवारी मैनुद्दीन आले नाहीत. चार वाजता अण्णा त्यांच्या घरी गेले. ट्रक दारात उभा होता. नूरबीभाभींनी दार उघडलं आणि अण्णांच्या मागं बघितलं.

"जेवून बारालाच निघाले तुमच्याकडं. संगट न्हाईत व्हय?"

दोन गल्ल्यांचं अंतर. तेवढ्यात माणूस हरवला. पोलीस झाले, दवाखाने झाले, तळ्याचा काठ झाला. अण्णा आठवडाभर भाभींबरोबर फिरले. खेळाचं काही बोलले नाहीत.

रविवारी त्यांनी दार लोटून घेतलं, कागद पसरला आणि काड्यापेटी काढली. जाळून मोकळं व्हायचं होतं. ओढ्याकाठच्या घरात चिंचोका तसाच होता. गठ्ठ्यावर एक नवं कार्ड आडवं पडलं होतं.

या वेळी अण्णांनी नीट उजेडावर धरलं.

'आमी दोघं हाव. वाचून दाखवायला कुणी न्हाई. येता का, अण्णा?'

हे अजून मंजूर झालेलं नव्हतं. फाडता आलं असतं. हे एक फाडलं, कागद जाळला, की संपलं. पण मग मैनुद्दीनही संपले.

भाभींचा विचार त्यांच्या मनात आला. मग पुढच्या रविवारचा आला. त्याच्या पुढच्याचाही.

गल्लीत कसलाच आवाज नव्हता.

"मंजूर," अण्णा म्हणाले.

मागं दाराला आतून कडी लागली. अण्णा तर कागदापाशीच बसलेले होते.