निळ्या रेघांची साक्ष

गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला तो नकाशांच्या दालनात शिरला, तेव्हा ती मऊ ब्रशने एका जुन्या कागदावरची धूळ झटकत होती.

“थांबा! पुढे एक पाऊल टाकलंत, तर फरशी तुम्हीच पुसायची.”

“पुसतो की!” तो हसला. “पण आधी तळ्याचा नकाशा दाखवा. छापील नको... हाताने काढलेला, मूळ.”

तिचा ब्रश थबकला.

तो पाणथळ जागा मोजणारा इंजिनिअर होता. तळ्याच्या पूर्वेची दलदल भराव टाकून बुजवायचं घाटत होतं. ‘ती जमीन पूर्वापार कोरडीच, पाणी अलीकडे साचलंय,’ म्हणून कंत्राटदार छापील नकाशा नाचवत होता. सुनावणी आठ दिवसांवर आली होती.

तिने मूळ कागद उलगडला. पूर्वेला बारीक निळ्या रेघा, म्हणजे पाणी! आणि त्यांवर कुणा साहेबाच्या लाल शाईतला शेरा : ‘चूक.’

“चूक नाहीये ती!” ती उसळून म्हणाली. “माझ्या बाबांनी काढलाय हा. तीन पावसाळे होडीतून पाणी मोजत फिरून. साहेबांनी होडीत पायसुद्धा ठेवला नव्हता. त्या एका शब्दापायी बाबांची बढती गेली.”

तो रेघांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

“सिद्ध करूया. येता होडीतून?”

“मला पोहता येत नाही.”

“आता कमरेइतकंच पाणी आहे तिथे.”

“बाबांच्या वेळी दोन पुरुष खोल होतं.”

“मग दोघं जाऊ!”

ती नको नको म्हणताना हसली, आणि तिथेच फसली.

सहा दिवस ती नकाशा वाचून जागा दाखवायची आणि तो तिथल्या गाळात नळी खुपसायचा. गवताच्या मुळांखाली हातभर गेलं की तळ्यातल्या गोगलगायींचे शंख निघायचे. बाबांनी खूण केलेल्या प्रत्येक जागी!

“माझ्या गालावर काय लागलंय?” एकदा त्याने विचारलं.

“गाळ.” तिने रुमालाने तो पुसला... जरा जास्तच वेळ.

सुनावणीत प्रमुखांनी शंख पाहिले, कागद पाहिला. “कुणी काढलाय हा?”

“माझ्या वडिलांनी,” ती म्हणाली.

शेवटच्या रांगेत कडक इस्त्रीचा सदरा घातलेले बाबा उभे राहिले.

“इतकी वर्षं बोलला का नाहीत?” प्रमुखांनी विचारलं.

“बोललो होतो, साहेब. निळ्या शाईत.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. भराव रद्द झाला, आणि प्रमुखांनी बाबांसमोरच तो लाल शेरा खोडला. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ होती.

बाहेर बाबा पुढे पायऱ्या उतरू लागले. तो मात्र घुटमळला.

“तळ्याचा नवा नकाशा करायचं काम मला मिळालंय. दोन वर्षांचं आहे. तुम्ही... म्हणजे तू... येशील?”

“दोनच वर्षं?”

त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो असा खळखळून हसला, की खाली पोचलेले बाबा मागे वळले. तिने त्यांच्या देखतच त्याचा हात धरला.