उंच सिस्टरची नाइट ड्यूटी

बसा. दार लोटून घ्या, कडी नको. ही गोष्ट माझी नाही, माझ्या ओळखीच्या एका लिफ्टमनची. एकवीस वर्षं त्यानं इस्पितळाची लिफ्ट वर-खाली केली. माणूस थापाड्या नव्हे. थापा रंगवायला वेळ लागतो, आणि त्याचं गिऱ्हाईक दर मिनिटाला उतरून जायचं.

नोव्हेंबरची सतरा तारीख, मंगळवार. रात्रीचे साडेअकरा. तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात ऑक्सिजनचा सिलिंडर पोचवायचा, एवढंच काम होतं.

वर्षभरापूर्वी त्या वॉर्डात एक सिस्टर होती. उंच सिस्टर म्हणायचे तिला. अकरा वर्षं कंत्राटावर. कायम असलेल्या सिस्टरच्या निम्मा पगार, काम मात्र तेच. घर भागेना, म्हणून रात्री इथे राबायची आणि दिवसा एका अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची सेवा करायची. झोप जेमतेम अडीच तास. लिफ्टमध्ये उभ्या उभ्या डोळा लागायचा तिचा. "दादा, जरा हळू न्या," म्हणायची. लिफ्टला काय हळू आणि काय जोरात? पण हा पठ्ठ्या दोन मजल्यांच्या मध्ये उगाच मिनिटभर थांबायचा.

पगार वाढवा म्हणून ती तीनदा साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे इस्पितळाचे व्यवस्थापक. "बेचाळीस पेशंट आणि मी एकटी. पगार नाही तर निदान जोडीला एक मुलगी द्या." साहेब म्हणाले, "जमत नसेल तर सोडा. तुमच्या जागेसाठी दोनशे जणी रांगेत आहेत."

मग तिचा हात चुकायला लागला. एकदा भलत्याच औषधाचं इंजेक्शन भरलं. टोचायच्या आधी लक्षात आलं, म्हणून निभावलं. आणि एका पहाटे चार वाजता जिन्यात टेकली, ती उठलीच नाही.

भाऊ राहिलेला पगार न्यायला आला. साहेबांनी त्या रात्रीचे पैसे कापले होते. ड्यूटी पूर्ण झाली नाही म्हणून.

"खरंच कापले, काका?"

खरंच. त्या भावाला खाली आणलं ते आमच्या लिफ्टमननंच. तीन मजले भाऊ हातातले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होता.

तर, त्या मंगळवारी हा सिलिंडर घेऊन वर पोचला. पेशंटच्या उशाशी लावून दिला. वळून बघतो तर नवी सिस्टर टेबलावर डोकं टेकून झोपलेली, आणि तिच्यासमोर साहेब. झोपणाऱ्यांना पकडून पगार कापायला स्वतः आले होते. फोटो काढायला मोबाइल वर केला...

"झोपू द्या तिला, साहेब."

वॉर्डाच्या टोकाकडून आवाज आला. थकलेला. ओळखीचा.

"तुम्ही आहात ना."

सात नंबरच्या खाटेची बेल वाजली. साहेब निघाले. लिफ्टमन सांगायचा, पाय चालत होते, चेहरा नाही म्हणत होता. साहेबांनी पेशंटला पाणी पाजलं. लगेच एकोणीसची बेल. तिथे शौचाचं भांडं उचललं, धुतलं. मग तीस. मग पुन्हा सात. त्यांच्या मागे दोन पावलांवर रबरी चपलांचा आवाज. चट... चट... चपला दिसत नव्हत्या.

दोन वाजता साहेब खुर्चीपाशी आले. बसायला वाकले.

बेल.

तीन वाजता ते लिफ्टमनपाशी थांबले. ओठ कोरडे पडलेले. "लिफ्ट... मला खाली ने."

लिफ्ट वॉर्डाच्या दारातच उघडी उभी होती. दहा पावलांवर.

"मग नेलं त्यांनी?"

...

नाही. त्याला भाऊ आठवला. तो म्हणाला, "साहेब, ड्यूटी पूर्ण व्हायचीय." आणि स्टुलावर बसून राहिला. हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही, बरं का.

चार वाजले. साहेब रडत होते. बेल वाजतच होती. चट... चट...

सहाला उजाडलं. साहेब वॉर्डाच्या मधोमध पडलेले. पाय इतके सुजले होते, की बूट कापून काढावे लागले. जीव वाचला. नोकरी सोडली. पण अजून झोप नाही. रात्री साडेअकरा झाले की उठतात, घरभर फिरतात. बायकोनं धरलं, तर म्हणतात, "सोड, बेल वाजतेय."

नवी सिस्टर जागी झाली, तिनं ड्यूटीची वही उघडली. ड्यूटी बदलताना त्या वहीत दोन सह्या होतात, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. ती बघतच राहिली. लिफ्टमन जवळ गेला. रात्रीची एक ओळ होती. घेणार म्हणून साहेबांची सही, वेडीवाकडी.

देणार म्हणून उंच सिस्टरची.

त्यानं तिच्या नावावर अंगठा ठेवला. उचलला... तर शाई ओली होती.