खोडायचा राहिलेला शब्द

माझी जोडीदार सरोजा ऐन स्पर्धेच्या सकाळी तापाने आडवी झाली, म्हणून मला हरिप्रसाद मिळाला. निवडून नव्हे... उरलेला म्हणून.

तंजावूरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये दरवर्षी इंग्रजी शब्दांची स्पर्धा असते. फळ्यावर दोन अक्षरं लिहितात. ती दोन्ही अक्षरं असलेले शब्द जोडीने पाच मिनिटांत कागदावर उतरवायचे. बरोबर शब्दाला दोन गुण, चुकीच्याला पाच वजा. पहिली येणारी जोडी चेन्नईला जाते. संयोजक सुब्रमण्यम सरांनी मला एका उंच, सावळ्या तरुणाशेजारी बसवलं. त्याच्या पेन्सिलीला छान टोक होतं. तरी तो ते पुन्हा काढत होता.

पहिली अक्षरं आली — क्यू आणि झेड. मी भराभर लिहीत सुटले. क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ... आणि तो प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीचं टोक फिरवत एकेक अक्षर तपासत बसला. मी 'क्वीझी' लिहिलं, ते त्याने शांतपणे खोडलं.

"यात एस आहे," तो तमिळमध्ये म्हणाला.

"कुठून ही गोगलगाय माझ्या गळ्यात बांधली," मी मराठीत पुटपुटले. तमिळ गावात मराठीतून चिडायची सोय आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांना लहानपणापासून आहे. सहसा कुणाला कळत नाही.

"गोगलगायीला मराठी येतं," तो म्हणाला. कागदावरची नजरही न उचलता.

माझे कान तापले. तोही मराठीच, जवळच्या तिरुवैयारुचा निघाला, कालव्यांच्या पाण्याची पातळी नोंदवणारा सरकारी इंजिनियर. "चुकीचा आकडा लिहिला की खालच्या गावांत भात बुडतो," त्याने दोन फेऱ्यांच्या मधे सांगितलं. "म्हणून तपासायची सवय लागली."

"इथे भात नाही. इथे पाच मिनिटं आहेत."

"होय," तो म्हणाला, आणि पुन्हा टोक काढायला लागला.

त्याला काय कल्पना, मला जिंकायची किती निकड होती. अप्पांनी आदल्या रात्री जेवताना बजावलं होतं, "शांभवी, यंदा चेन्नईला गेलीस तर वर्षभर लग्नाचं नाव काढणार नाही. हरलीस तर शुक्रवारी कुंभकोणमचा बँकेतला मुलगा येतोय. साडी नेसून मुकाट बसायचं." माझे वडील सीतारामराव एकदा बोलले की बोलले. आणि माझं सगळं नशीब या माणसाच्या पेन्सिलीच्या टोकावर.

मग व्ही आणि एक्स आले. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, त्यामुळे 'कॉन्व्हेक्स' हाताशीच होता. पुढचा शब्द मात्र त्याने स्वतःहून लिहिला — 'वेक्स'.

"अर्थ माहीत आहे?" मी विचारलं.

"डोकं फिरवणं."

"पाठ केलाय की अनुभवाने?"

"अनुभव शेजारी बसलेल्यांना येतो... असं म्हणतात." त्याच्या ओठांचा एक कोपरा जरा हलला. हसू म्हणावं तर म्हणावं. मला राग यायला हवा होता. आलाही. पण पुढचा शब्द लिहिताना मी त्याच्याकडे उगाचच पाहिलं, आणि पापण्या फार लांब आहेत याची, नको असताना, नोंद घेतली.

शेवटच्या फेरीआधी दोन जोड्या बरोबरीत होत्या, आम्ही आणि म्हातारे हनुमंतराव व त्यांची सून. अक्षरं आली डब्ल्यू आणि झेड. विझर्ड, वॉल्ट्झ, ट्वीझर्स. त्याने 'व्हीझ' दिला. आणि मग दोघंही ठप्प. घड्याळात वीस सेकंद उरली असताना मला सुचला — 'ड्राउझी'. मी आनंदाने त्याचं मनगटच धरलं, दुसऱ्या हाताने शब्द लिहिला आणि हसत त्याच्याकडे पाहिलं.

त्याची पेन्सिल शब्दावर आली. तिथेच थांबली. तो कागदाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मग त्याने पेन्सिल हळूच बाजूला ठेवली. घंटा झाली.

सुब्रमण्यम सरांनी आमचा कागद वाचला आणि चष्मा वर सरकवला. "ड्राउझीत झेड नाही, अम्मा. एस आहे."

पाच वजा. आम्ही तीन गुणांनी हरलो.

कँटीनमध्ये तो दोन कॉफ्या घेऊन आला. मी बसले नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"सकाळपासून माझे सतरा शब्द खोडलेत तुम्ही. मग हाच का सोडला?"

त्याने दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि त्यांचे दांडे एका रेषेत लावले.

"तुम्ही हसत होता," तो म्हणाला. "सकाळपासून पहिल्यांदाच. तेवढ्यात खोडायचं म्हणजे... हात चालेना."

ते ऐकायला मला आवडलं, आणि त्याचाही मला रागच आला. "त्या हसण्याचं पुढे काय होणार ते ठाऊक आहे? शुक्रवारी कुंभकोणमचा बँकवाला मला बघायला येतोय. जिंकले असते तर टळलं असतं."

तो कॉफीकडे बघत राहिला. कॉफीवर साय धरली. बाहेर एक बस येऊन माणसं भरून निघूनही गेली. मी खुर्ची ओढून बसले, कारण उभं राहून पाय दुखायला लागले होते.

"बोला ना काहीतरी. एवढ्यात तुमच्या कालव्याला पाणी येऊन आटलंही असेल."

"गुरुवारी..." तो म्हणाला. थांबला. मान वर केली. "गुरुवारी मी आलो तर? तुमच्या घरी. अम्माला घेऊन."

त्याचे कान लाल झाले होते.

"गुरुवार कशाला?" मी म्हटलं. आवाज जमेल तितका कडक ठेवला. "मधे चार दिवस काय तपासत बसणार आहात? उद्या या."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि, न थांबता, खिशातून मोबाइल काढून नंबर लावला.

"अम्मा, उद्या सकाळी तंजावूरला जायचंय... नाही, डॉक्टरकडे नाही. नीट पातळ नेस... मुलगी बघायला? नाही अम्मा. बघून झाली. मागायला जायचंय."