हलूनका

हे लिहायचंच नव्हतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि घरात सांगायची सोय नाही.

खोटं वाटलं तर वाटू दे. मागच्या मंगळवारी, रात्री सव्वा वाजता, आमच्याच घरामागच्या गल्लीत घडलंय.

माझ्या मित्राबरोबर.

शेवटचं मी स्वतः पाहिलंय. बाकीचं त्यानं मला कागदावर लिहून दिलंय. लिहून का, ते पुढे येईलच.

त्याला सगळे 'हलूनका' म्हणतात.

नाक्यावर त्याच्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर हा माणसं स्टुलावर बसवतो, त्यांची हनुवटी वर करतो आणि म्हणतो, "हलू नका..." क्लिक. "झालं. हला आता."

सवय इतकी हाडात मुरलेली की भिंतीचा फोटो काढतानासुद्धा तोंडातून तेच. मामा म्हणायचे, "भिंत काय पळून चाललीये का रे गाढवा?"

त्याच मामांनी एकदा गिऱ्हाइकांसमोर सुनावलं होतं, "ह्याला माणूस समोर बसवून द्यावा लागतो. तेवढंच जमतं ह्याला."

ते फार लागलं त्याला. म्हणून रात्री गल्ल्यांचे फोटो काढायचं खूळ. रोजचीच गल्ली, पण रिकामी. एकही माणूस नसलेली.

"दीडला स्कूटर घेऊन ये," मला म्हणाला. "कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर मारून परत चालणार नाही मी."

"मी काय तुझा हमाल आहे का?"

"हमाल नाही रे, ड्रायव्हर. बढती दिली तुला."

तर मंगळवारी तो निघाला. बेकरीच्या मागचा बोळ झाला. पाण्याची टाकी झाली. मग तो लेथच्या बंद वर्कशॉपसमोर आला. दोन वर्षं शटर उघडलेलं नाही. वर एकच पिवळा दिवा.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

कुत्रीसुद्धा नव्हती. एरवी त्या शटरखाली चार-पाच तरी पडलेली असतात...

त्यानं स्टँड लावला. अंधारात फोटो काढायचा तर बटण बराच वेळ दाबून ठेवायचं असतं. तेवढ्यात कुणी हललं की फोटोत त्याचा नुसता धूर दिसतो.

"हलू नका," तो सवयीनं पुटपुटला.

बटण दाबलं. तीस आकडे मोजले. सोडलं.

"झालं. हला आता."

आणि स्क्रीनकडे बघितलं.

शटरसमोर एक माणूस उभा होता.

उंच. हात दोन्ही बाजूंना सरळ. हनुवटी किंचित वर... जशी स्टुलावर बसवताना करायला लावतात तशी.

त्यानं मान वर करून शटरकडे पाहिलं. कुणी नाही.

परत फोटो. आहे.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. फोटोत जराही धूर नव्हता. जिवंत माणूस श्वास घेतो. तीस आकड्यांत खांदे हलतातच. ह्याचे हलले नव्हते.

ह्याला सांगितलं होतं, हलू नका.

आणि आता ह्यालाच सांगितलं होतं, हला.

पहिला फटका कानावर बसला.

समोर काहीच नव्हतं. नुसता फटका. तो भेलकांडत स्टँडवर आदळला, उठला, तोच बरगडीत दुसरा. आतून काड्या मोडल्यासारखा आवाज आला. त्यानं हात आडवा घातला, तर हाताची बोटं कुणीतरी धरली... आणि एकेक करून उलटी वाकवली. करंगळी. मग शेजारचं.

तो ओरडला. एकाही घरात दिवा लागला नाही.

मग त्याला उचलून शटरवर आपटलं. एकदा. दोनदा. डोक्यातून गरम काहीतरी डोळ्यात उतरलं. तिसऱ्यांदा खाली सोडलंच नाही. गळा धरून तिथेच दाबून ठेवलं.

काय म्हणायचं ते त्याला तोपर्यंत कळलं होतं. दोनच शब्द. पण आवाज फुटेना. गळ्यात हवाच नव्हती.

तो मरत होता. त्यानं स्पष्ट लिहिलंय, "मी मेलोच होतो."

तेवढ्यात मी आलो. स्कूटर कोपऱ्यावर लावली आणि नेहमीसारखी हाक मारली,

"ए हलूनकाऽऽ! कुठे तडमडलास रे?"

सगळं थांबलं.

मी जवळ गेलो. तो शटरला चिकटून उभा होता, तोंड निळं पडलेलं. मी म्हटलं, हे काय नाटक? मग खाली पाहिलं. त्याचे पाय जमिनीपासून वीतभर वर होते.

मी त्याच्या गळ्याला हात लावला. तिथे बोटं होती.

दिसत नव्हती. पण होती. गार, जाड, नटबोल्टसारखी कडक. मी दोन्ही हातांनी एक बोट धरून मागे ओढलं. कट. दुसरं. कट. तिसरं मोडलं तसा तो माझ्या अंगावर कोसळला आणि भात्यासारखा श्वास ओढायला लागला. नुसता रडत होता.

मी त्याला पोटाशी धरलं. पाठीवर हात फिरवत राहिलो. रडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो?

"झालं रे... झालं. झालं आता."

त्याचे डोळे पांढरे झाले. त्यानं तो मोडका हात माझ्या तोंडावर दाबला.

उशीर झाला होता.

आमच्या मागे, अंधारात, आवाज आला... कट.

कट.

कट.

कुणीतरी आपली बोटं जागेवर बसवत होतं.

पुढचं धड आठवत नाही. त्याला ओढत स्कूटरवर घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. कॅमेरा तिथेच राहिला. आणायला कुणी गेलं नाही.

बरगड्या चार, बोटं दोन, डोक्याला अकरा टाके. मामा खाटेशी बसून असतात. त्याचा पाय चेपतात. त्याचा आवाज मात्र गेलाय. डॉक्टर म्हणाले, दोन महिने तरी शब्द फुटणार नाही.

म्हणून तो लिहितो.

आणि म्हणूनच परवा रात्री जे ऐकलं, ते मी त्याला सांगणार नव्हतो. पण माझं तोंड बघून त्यानं ओळखलं.

रात्री सव्वा वाजता माझ्या दारावर थाप पडली. मग आवाज आला. हलूनकाचाच. तीच लाडीगोडी, तेच आळसावलेलं बोलणं.

"उघड ना रे... किती वेळ उभा राहू?"

काल रात्री पुन्हा.

आज त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं कागद ओढून डाव्या हातानं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, "मी रडलो तरी उघडू नकोस."

मी त्याचा हात हातात घेतला.

"नाही उघडणार," म्हटलं. "तू किती रडलास तरी नाही उघडणार. शब्द देतो."