रिकाम्या खाचेतली हाक

या, अशा जवळ सरकून बसा. हातात काही काम असेल तर करत करत ऐका, पण मन इकडे द्या. गोष्ट सांगते.

मी जन्मभर कीर्तनाला बसलेली बाई. देवाचं नाव ज्या तोंडानं घेते, त्या तोंडानं खोटं बोलायला जीभ रेटत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या भावाच्या घरात. मी तिथे होते.

आणि रात्रबित्र नव्हती बरं का. रविवारची दुपार होती. चहाची वेळ. खिडकीतून ऊन थेट टीव्हीवर पडलं होतं, इतकं की त्याच्यावरची धूळ दिसत होती.

त्या उजेडात मी ते ऐकलं.

आता आधी घर सांगते. माझा दादा, म्हणजे थोरला भाऊ. वहिनी. त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा. आणि सूनबाई. भाच्याला लहानपणापासून सगळे खटपट्या म्हणतात. घरातलं घड्याळ उघडून बसायचा. उघडायचा, पण लावायचा नाही. मोठा झाला तरी खोड गेली नाही.

दादाला कमी ऐकू यायचं. आणि त्याला वेड कीर्तनाचं. आम्हा दोघांनाही ते वडिलांकडून आलं. त्याच्याकडे कीर्तनांच्या डिस्क होत्या, रोज दुपारी त्यातली एक लावायचा. आवाज असा, की जिन्यात पाऊल ठेवलं की कुठला अभंग चालू आहे ते कळावं.

आणि दादा गप्प ऐकणारा नव्हे. बुवांनी चांगला दृष्टांत दिला की इकडून हा म्हणणार, "वा बुवा, वा!" नाहीतर स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडणार, "अगं, ये ना जरा. ऐक हे."

वहिनी आतून म्हणायची, "आले."

आणि यायची नाही. कामं कोण करणार? चाळीसेक वर्षांचा संसार, त्यात हे "ये ना" आणि "आले" म्हणजे घड्याळाच्या टिकटिकीसारखं झालेलं. कुणाचं लक्षच जायचं नाही.

पण घरात धुसफूस होती.

टीव्ही एक, आणि त्याला वायर जोडायची चालू खाच एकच. केबलचा डबा, दादाचा डिस्क प्लेअर, खटपट्याचं गेमचं यंत्र, सगळ्यांना तीच हवी. याची काढ, त्याची लाव. सूनबाई म्हणायची, "आमच्या घरात टीव्ही बघत नाहीत आत्या, टीव्हीच्या पाठीमागे बघतात."

मग खटपट्यानं एक व्हिडिओ स्विच आणला. हाताच्या पंजाएवढी डबी. तिला ओळीनं खाचा, प्रत्येकीवर बारीक हिरवा दिवा. सगळी यंत्रं तिच्यात जोडायची आणि तिची एकच वायर टीव्हीला. जे यंत्र चालू होईल त्याचा दिवा आपोआप लागायचा. टक... असा आवाज यायचा आणि त्याचं चित्र दिसायला लागायचं.

वायरींचं भांडण मिटलं. आवाजाचं राहिलं.

खटपट्या घरी बसून ऑफिसचं काम करायचा. बाबांच्या टाळ-मृदंगात त्याला फोनवर बोलता येईना. मग त्यानं दुसरी डबी आणली. ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. चित्राबरोबर येणारा आवाज ती वेगळा काढून घेते. चित्र टीव्हीकडे गेलं, आवाज एका लांब वायरीनं दादाच्या हेडफोनकडे. टीव्हीचा स्वतःचा आवाज शून्यावर.

हेडफोन चांगले जाड. कान पूर्ण झाकणारे.

"बाबा, आता हवा तेवढा मोठा करा," खटपट्या म्हणाला.

दादा खूश. मला फोन करून सांगितलं, "अगं, बुवा अगदी कानात बसून बोलतायत. मध्ये कुणी नाहीच."

मध्ये कुणी नाहीच... हे त्याचे शब्द. मला आजही आठवले की नको वाटतं.

आता त्याआधीची एक दुपार. तेव्हा मी तिथे नव्हते, सूनबाईनं मागून सांगितली.

दादा खुर्चीत, कानावर हेडफोन. खटपट्या त्याच खोलीत, पाठ करून, लॅपटॉपवर. सूनबाई आत कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनी चहा टाकत होती.

दादा ओरडला, "अगं, ये ना जरा."

वहिनी म्हणाली, "आले."

थोड्या वेळानं पुन्हा. "अगं, ये ना."

"आले, आले."

खटपट्या बायकोला हसून म्हणाला, "आज कीर्तन रंगलंय."

मग त्याला फोन आला. त्यानंतर आतवर दादाची हाक आली नाही.

वहिनी कप घेऊन बाहेर आली. टीव्हीवर बुवा हात वर करून नुसतेच हलत होते, आवाज नाही. खोली शांत. तिनं कप पुढे केला. "गरम आहे तोवर घ्या."

दादाची मान खाली होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. आणि जाता जाता म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर... वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तसं अर्धं सोडून जाण्यापेक्षा बोलले नसते तर बरं झालं असतं.

माणसं आली, माणसं गेली. दादाच्या डिस्क आणि तो प्लेअर खटपट्यानं खोक्यात घालून मला देऊन टाकला. स्विचची ती खाच रिकामी झाली. हेडफोन वहिनीनं खिळ्याला टांगले. वायर तशीच जोडलेली राहिली.

आणि मग ते सुरू झालं.

सूनबाई दुपारी मालिका बघत होती.

टक...

पडदा काळा. वर अक्षरं, "सिग्नल नाही".

तिनं वाकून पाहिलं. स्विचवर दिवा लागला होता. रिकाम्या खाचेचा.

खटपट्या म्हणाला, वायर सैल असेल. वायर घट्ट केली. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा टक... म्हणाला, स्विच बिघडला असेल. नवा आणला.

नव्यावरही त्याच खाचेचा दिवा लागला.

मग एका दुपारी, दिवा लागल्यावर, खिळ्याला टांगलेल्या हेडफोनमधून बारीक कुजबुज यायला लागली... डबीत माशी अडकावी तशी. वहिनी उठली. खिळ्यावरून हेडफोन काढले. कानावर ठेवले.

त्या दिवसापासून ती त्या खुर्चीतून हलेना, आणि टीव्हीचा आवाज पुन्हा शून्यावर गेला.

ताट तसंच परत जायचं. अंघोळीला उठवावं लागायचं. बोलणं बंद. फक्त चहाच्या वेळी, दिवा लागला की, हळूच म्हणायची, "आले."

पुन्हा पुन्हा म्हणायची. "आले हं. आले."

ती अशी सुकत चालली की डॉक्टरांनीही हात टेकले. आता हिला उठवा, नाहीतर ही जाईल, असं स्पष्ट सांगितलं.

खटपट्यानं मला फोन केला. "आत्या, तू ये. आई तुझंच ऐकेल."

मी गेले. रविवार होता. वहिनीला पाहिलं. अंगावरची साडी जणू खुर्चीवर वाळत घातलेली.

मी भाच्याला विचारलं, "काय ऐकते ही?"

"काहीच नाही गं. त्याला काही जोडलेलंच नाही."

"तू कानाला लावून पाहिलंस?"

तो वायरींकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काय पाहायचंय त्यात? जोडलेलं नाही म्हटलं ना."

सूनबाई दारातून म्हणाली, "घरातला प्रत्येक स्क्रू उघडतील आत्या. हे तेवढं उघडणार नाहीत."

"तू गप्प बस."

"बसलेच होते की. सगळेच बसलो होतो."

मी वहिनीच्या शेजारी बसले. ऊन सरकत सरकत टीव्हीवर आलं.

टक...

दिवा लागला. मी डोळ्यांनी पाहिलं, त्या खाचेत वायर नव्हती. नुसती काळी खाच.

"वहिनी, मला द्या जरा," म्हणून मी तिच्या कानावरचे हेडफोन काढून माझ्या कानावर ठेवले.

आधी काही नाही.

मग टाळ... लांबून. मग जवळ. बुवांचा आवाज. भरल्या गळ्यानं गात होते, आणि मी तुम्हाला खरं सांगते, गोड होतं. मी दोन क्षण सगळं विसरले.

मग माझ्या अगदी कानाशी कुणीतरी श्वास घेतला. अडकत, ओढत.

"अगं, ये ना जरा."

दादाचा आवाज.

मी घाबरले. पण भीती त्या आवाजाची नव्हती. भीती त्याच्यानंतरची होती. कारण त्याच्यानंतर काहीच नव्हतं. कपबशी नाही, नळ नाही, घरातला एक बोल नाही. नुसते बुवा गात होते. पुन्हा त्यानं हाक मारली. पुन्हा काही नाही.

मी वहिनीकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. माझ्या शेजारी, हातभर अंतरावर. आणि मला तिचं काही ऐकू येत नव्हतं.

मी हेडफोन काढले तेव्हा ती म्हणत होती, "...आले."

मग, कितीतरी दिवसांनी, ती माझ्याशी बोलली.

"मी त्या दिवशी म्हणाले होते हो, आले म्हणून. दोन्ही वेळा म्हणाले. ह्यांना ते गेलंच नाही. ह्यांना वाटलं असेल, घरात कुणी नाही."

"वहिनी..."

"म्हणून रोज सांगते. एकदा तरी पोचेल ना?"

मी खटपट्याला म्हटलं, "अरे, आईनं एकटीनं का ऐकायचं? टीव्हीचा आवाज मोठा कर. बाहेर ऐकू येऊ दे."

"आत्या, टीव्हीवर सिग्नलच नाही. आवाज कुठून येणार?"

"मग मोठा करायला तुझं काय जातं?"

त्यानं रिमोट उचलला. बटण दाबून धरलं.

खोली टाळांनी भरली.

सूनबाई भिंतीला टेकली. काळ्या पडद्यावर ती अक्षरं, आणि त्यामागून बुवा गात होते, दादाच्या वेळी घुमायचे तसे. मग गाणं चालू असतानाच तो अडकलेला श्वास... सगळ्यांना ऐकू आलेला.

"अगं, ये ना जरा."

"आले," वहिनी म्हणाली. उठून उभी राहिली.

"अगं, ये ना."

ती टीव्हीकडे चालायला लागली.

मग त्यानं तिसरी हाक मारली. ही मी हेडफोनमध्ये ऐकली नव्हती. ही वहिनीला नव्हती.

"खटपट्या... हे काढ रे कानावरचं. माझे हात उचलत नाहीयेत. घरातलं काही ऐकू येत नाहीये रे मला..."



वहिनी थांबली. वळली. मुलाकडे पाहिलं.

"हे तुला म्हणाले होते?"

त्यानं रिमोट खाली ठेवला.

"तू इथेच बसला होतास. तुला म्हणाले होते?"

"मला वाटलं, आवाज कमी-जास्त करायला सांगतायत," तो म्हणाला. "रोजच सांगायचे गं आई. रोज. मी फोनवर होतो..."

"खटपट्या..." टीव्हीतून पुन्हा आलं. "अरे..."

आणि तो झेपावला. स्विच, एक्स्ट्रॅक्टर, वायरी, सगळं हिसकून काढलं. भिंतीतला प्लग उपटला. आवाज अर्ध्या शब्दात तुटला.

त्याच्या हातात ती डबी होती, वायरी लोंबत होत्या, कुठेही काही जोडलेलं नव्हतं... आणि तो हिरवा दिवा चालूच होता. आम्ही चौघांनी पाहिला. मग तो हळूहळू मंद होत गेला आणि विझला.

वहिनी एवढंच म्हणाली, "मी आत्ता पोचतच होते."

खटपट्यानं ते सगळं त्याच दुपारी नेऊन भंगारात टाकलं. त्यानंतर त्या घरात तसला दिवा लागला नाही, की तसला आवाज आला नाही.

वहिनी त्या संध्याकाळी जेवली. चालायला लागली. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, धोका टळला. टळलाच म्हणायचा. पण मुलाशी ती पुन्हा एक शब्द बोलली नाही. तो समोर येऊन "आई" म्हणाला, तर ती ऐकू न आल्यासारखी भांडी घासत राहते. त्यानं घरातून टीव्हीच काढून टाकला. भिंतीवर त्याच्या जागी पांढरा चौकोन उरला आहे. जेवताना तिघं त्या चौकोनाकडे बघत जेवतात.

मागच्या खेपेला गेले, तेव्हा निघताना वहिनीनं माझा हात धरला.

"वन्सं, तुम्ही इतकी कीर्तनं ऐकलीत. एक सांगा. ह्यांच्याकडे तेवढी एकच वाट होती. आता हे हाक कुठून मारत असतील?"



देवाला म्हणे हाक न मारताही ऐकू येते. तसं मी जन्मभर ऐकत आले, मानत आले. पण माझा दादा देव नव्हता हो. साधा माणूस. त्याच्यापर्यंत "आले" हा शब्द पोचला की नाही, हे मला कोण सांगणार? तो प्लेअर आणि त्या डिस्क माझ्याकडे आहेत. खोकं मी अजून उघडलेलं नाही. दुपारी चहा ठेवताना त्या खोलीचं दार लावून घेते, आणि लावलं की वाटतं, आतून हाक आली तर मला कळायची नाही. मग उघडते.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी कुठे कीर्तनाला बसलात, बुवा रंगात आले, तर माझ्या दादाची आठवण काढा.

मनातल्या मनात नको. जरा मोठ्यानं काढा. त्याला कमी ऐकू येतं.