बी हूनकाकीच्या टपरीवरची पाटी

मलेशियात पेनांगच्या बालिक पुलाऊ गावात दुरियान या काटेरी फळाची जत्रा ऐन रंगात होती आणि बी हूनकाकीच्या टपरीवर समितीने पाटी लटकवली होती. इंग्रजीत एकच शब्द: ‘इनएडिबल’. संध्याकाळपर्यंत खुलासा झाला नाही, तर जत्रेतली तिची जागा कायमची जाणार होती. आणि त्या टपरीवरच तर काकीचं घर चालायचं. तिने थेट रोस्नाताईंना गाठलं.

रोस्नाताई खासगी गुप्तहेर. सोबतीला एंग हॉक, मनाने सोन्यासारखा, डोक्याने जरा निवांत.

“इनएडिबल म्हणजे बेचव ना, ताई?” त्याने विचारलं.

“बेचव असेल ते नाक मुरडून का होईना, खाता येतं. हे खाताच येत नाही. पण का येत नाही, ते या शब्दात नाही. आपल्याला तेच शोधायचंय.”

तक्रार शाळेतल्या वसंतीबाईंची. फळ नासलं होतं का, किडलं होतं का, ताईंनी विचारलं. छे, बाई म्हणाल्या, वासही नव्हता; गर पांढराफटक, कच्च्या बटाट्यासारखा कडक. टरफल अजून टपरीमागेच पडलं होतं. त्याचा देठ चांगला बोटभर लांब, टोकाला सपाट.

काकीचा पुतण्या ची वाय बागेतून माल आणायचा. दुरियान पिकलं की आपसूक गळतं, म्हणून झाडाखाली जाळी बांधायची, पडेल ते उचलायचं, झाडावर हात घालायचा नाही, हीच त्यांच्या घरची रीत. टोपलीतल्या बाकी फळांचे देठ सांध्यातून आपसूक सुटलेले, गोलसर टोकांचे होते.

शेजारच्या टपरीवर दुरियानच विकणारा बून तेक फार हळहळला. सकाळी काकी चहाला गेली तेव्हा टपरी मीच सांभाळली, म्हणाला. त्याच्या फळांचे देठ मात्र बुडापासून तासलेले. गिऱ्हाइकाला टोचू नयेत म्हणून, म्हणे. एंग हॉकला माणूस भलताच सज्जन वाटला.

ताईंनी समितीप्रमुख जुल्किफ्लींना बोलावलं.

“पाटीवरचा शब्द खोटा नाही, अपुरा आहे. फळ नासलेलं नव्हतं, अनराइप होतं. कच्चं. वाऱ्याने पडलं म्हणाल, तर वारा काही सुरी घेऊन फिरत नाही. हा देठ कापलाय. फळ झाडावरून उतरवलंय, आणि काकीकडे असं दुसरं एकही नाही.”

“मग कोणाकडे आहे?”

“ज्याला देठ लपवावे लागतात त्याच्याकडे. आपल्याकडे गिऱ्हाईक आधी देठ बघतं. आपसूक पडलेल्या फळाचा देठ ही विकणाऱ्याची अब्रू, ती कोण तासून टाकेल? बून तेक, काकीचं गिऱ्हाईक तुमच्याकडे वळावं म्हणून टपरी सांभाळताना हे फळ तुम्ही तिच्या टोपलीत सरकवलंत. तासलेलं ठेवलं असतं तर तुमचं म्हणून ओळखू आलं असतं. म्हणून देठ राहू दिलात. फोडल्यावर टरफल कोण बघतंय, असं वाटलं तुम्हाला.”

एंग हॉकने बून तेकची मागची गोणी उपडी केली. लांब देठ, सगळ्यांवर सुरीचे काप.

पाटी उतरली. काकीने टोपलीतलं एक फळ एंग हॉकपुढे केलं. त्याने ते फोडलं. बघे पुष्कळ जमले होते, पण हात कोणी पुढे करेना.

तेवढ्यात गर्दीतून वसंतीबाई पुढे आल्या.

“पहिला गर मला द्या,” त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांदेखत खाल्ला. काकीला रडू फुटलं ते तेव्हा.